शंभरातले तुमचे किती?

अमेरिकेतल्या दिवाणी खटल्यात साक्षी-पुरावे, उलटतपासण्या, वकिलांची भाषणं असं सगळं आटोपलं की ज्युरीच्या हातात एक छापील कागद पडतो. त्यावरचे प्रश्न सरळ असतात. प्रतिवादीने निष्काळजीपणा केला का? त्यामुळे वादीला इजा झाली का? वादीने स्वतःही निष्काळजीपणा केला का? आणि शेवटी काही रिकाम्या जागा: वादी इतके टक्के, प्रतिवादी इतके टक्के, इतर कोणी असल्यास इतके टक्के. त्याखाली एक ओळ, की बेरीज १०० आली पाहिजे.

'पर्सनल रिस्पॉन्सिबिलिटी' हे शब्द तिथल्या राजकारणात उठता-बसता ऐकू येतात. पण रोजच्या आयुष्यात ती जबाबदारी माणसाच्या अंगावर येते ती या रिकाम्या जागेतून. गाडी ठोकली, कोणी दारात घसरून पडलं, स्वयंपाकघरात आग लागली, की प्रश्न 'चूक कोणाची' एवढाच नसतो, 'कोणाची किती टक्के' असा असतो. नव्याने तिथे गेलेल्या आपल्या माणसाला हा हिशोब कोणी समजावून सांगत नाही. इन्शुरन्सच्या कागदावर सही करताना तर नाहीच.

सुरुवात त्या बदनाम कॉफीपासून करू, कारण सगळ्यांना ती अर्धीच माहीत असते. २७ फेब्रुवारी १९९२, न्यू मेक्सिकोतलं आल्बुकर्की. ७९ वर्षांच्या स्टेला लीबेक नातवाच्या गाडीत शेजारच्या सीटवर बसल्या होत्या आणि गाडी उभी होती. कप ठेवायला जागा नव्हती म्हणून त्यांनी मॅकडॉनल्ड्सच्या कॉफीचा कप गुडघ्यांत धरला आणि दूध-साखर घालायला झाकण ओढलं. कॉफी मांडीवर सांडली आणि सुती पँटने ती शोषून घेतली. कंपनीच्या नियमाप्रमाणे कॉफी ८२ ते ८८ अंश सेल्सियसला ठेवलेली असायची. एवढ्या गरम द्रवाने काही सेकंदांत कातडी खोलवर भाजते. बाई आठ दिवस हॉस्पिटलात होत्या, त्वचारोपण करावं लागलं. त्यांनी कंपनीकडे मागितले २० हजार डॉलर. कंपनीने देऊ केले ८००.

१९९४ मध्ये निकाल लागला तेव्हा ज्युरीने नुकसान धरलं २ लाख डॉलर आणि टक्के लिहिले: कंपनी ८०, बाई २०. म्हणून भरपाई झाली १ लाख ६० हजार. गेल्या दहा वर्षांत अशा भाजण्याच्या ७०० तक्रारी येऊनही कंपनीने तापमान बदललं नव्हतं, हे पुराव्यात आलं. त्यामुळे ज्युरीने वर २७ लाखांचा दंड ठोकला, म्हणजे साधारण दोन दिवसांच्या कॉफीविक्रीइतका. न्यायाधीशांनी तो ४ लाख ८० हजारांवर आणला आणि पुढे दोन्ही बाजूंनी आपसात मिटवलं. लोकांच्या लक्षात मात्र राहिलं ते 'कॉफी सांडली आणि म्हातारी करोडपती झाली' एवढंच. ज्युरीने बाईंची २० टक्के चूक स्वतःच्या हाताने लिहिली होती, ती कोणी सांगत नाही आणि दुसऱ्या बाजूचे ८० तर चर्चेतून पुसलेच गेले.

राजकारणातही हेच घडतं, असं माझं मत आहे. १९९६ साली बिल क्लिंटन यांनी गरीब कुटुंबांना मिळणाऱ्या सरकारी मदतीची फेररचना करणाऱ्या कायद्यावर सही केली. त्या कायद्याच्या नावाची सुरुवातच 'पर्सनल रिस्पॉन्सिबिलिटी' अशी आहे. त्यानुसार केंद्राच्या पैशातून रोख मदत आयुष्यभरात ६० महिने, काम करण्याची अट, आणि मुदत संपली की मदत थांबणार. तो चांगला की वाईट यावर तीस वर्षं वाद चालू आहे, त्यात मी पडत नाही. फक्त एवढं दिसतं की भाषणातल्या जबाबदारीला एकच रिकामी जागा असते आणि तिच्यात आधीच १०० लिहिलेलं असतं. कोर्टातल्या कागदावर निदान तीन-चार जागा असतात. या बाबतीत मला कोर्टाचा कागद जास्त प्रामाणिक वाटतो.

आता ते टक्के पैशात कसे उतरतात ते बघू. इथेच खरी मेख आहे, कारण हिशोब राज्याप्रमाणे बदलतो. समजा एका अपघातात तुमचं नुकसान १ लाख डॉलरचं झालं आणि त्यात तुमची चूक ३० टक्के ठरली. कॅलिफोर्नियात तुम्हाला ७० हजार मिळतील. तिथे तुमची चूक ९० टक्के असली तरी उरलेले १० हजार मिळतात. हा नियम त्या राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७५ मध्ये आणला. न्यूयॉर्कमध्येही असाच हिशोब आहे. टेक्सासमध्ये ३० टक्क्यांना ७० हजारच, पण तुमची चूक ५१ टक्के झाली की हातात भोपळा. इलिनॉयमध्येही तसंच. फ्लोरिडा आधी कॅलिफोर्नियासारखं होतं, मार्च २०२३ मध्ये ते टेक्सासच्या रांगेत आलं. जॉर्जियात तर बरोबर ५० टक्के झाले तरी काही मिळत नाही, ४९ पर्यंतच मुभा.

आणि मग उरतात नॉर्थ कॅरोलायना, व्हर्जिनिया, मेरीलँड, अलाबामा आणि राजधानी वॉशिंग्टन डीसी. इथे तुमची चूक एक टक्का जरी ठरली तरी भरपाई शून्य. समोरचा ९९ टक्के चुकला असला तरी शून्यच. (डीसीने २०१६ मध्ये पादचारी आणि सायकलवाल्यांना यातून बाहेर काढलं. गाडीवाले अजून आतच आहेत.) ही यादी वाचताना एक गोष्ट खटकायला हवी. नॉर्थ कॅरोलायनातलं रॅले-केरी, व्हर्जिनियातलं फेअरफॅक्स-लाउडन, मेरीलँडमधली राजधानीच्या आसपासची गावं, इथे मराठी घरं भरपूर आहेत. म्हणजे आपल्यातला मोठा गट देशातल्या सगळ्यात कडक नियमाखाली गाडी चालवतोय आणि बहुतेकांना त्याचा पत्ताही नसतो.

हा एक टक्क्याचा नियम आला इंग्लंडहून. १८०९ मध्ये डर्बीला एका माणसाने घराच्या दुरुस्तीसाठी रस्त्यात आडवा दांडा लावला. संध्याकाळी खानावळीतून निघालेला एक घोडेस्वार भरधाव आला आणि दांड्यावर आदळून पडला. दांडा शंभर यार्डांवरून दिसत होता, सावकाश गेला असता तर वाचला असता, म्हणून त्याला छदामही मिळाला नाही. पुढे १८४२ मध्ये एका गाढवाने या नियमाला भोक पाडलं. मालकाने पाय बांधून गाढव रस्त्यात सोडलं होतं आणि एका वॅगनवाल्याने वेगात येऊन ते चिरडलं. मालकाची चूक होतीच, पण टाळण्याची शेवटची संधी वॅगनवाल्याकडे होती, म्हणून मालक जिंकला. इंग्लंडने मूळ नियम १९४५ मध्ये मोडीत काढला. नॉर्थ कॅरोलायनात मात्र आजही वकील कोर्टात उभे राहून त्या गाढवाच्या आधाराने 'शेवटची संधी कोणाकडे होती' हे भांडतात.

हा नियम किती बोचरा आहे ते बघायचं तर मेरीलँडमधला सॉकरच्या गोलपोस्टचा खटला घ्या. २००८ मध्ये एक तरुण स्वयंसेवक प्रशिक्षक जाळ्यात गेलेला चेंडू आणायला गेला आणि उडी मारून वरच्या आडव्या दांड्याला लटकला. गोलपोस्ट जमिनीत ठोकलेला नव्हता. तो उलटला आणि दांडा त्याच्या तोंडावर पडला. चेहऱ्याची हाडं मोडली, धातूच्या पट्ट्या बसवाव्या लागल्या. ज्युरी म्हणाली, गोलपोस्ट न ठोकणं हा क्रीडा संघटनेचा निष्काळजीपणा. ज्युरी असंही म्हणाली की लटकणं हा त्याचाही निष्काळजीपणा. झालं, शून्य. २०१३ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध दोन मतांनी सांगितलं की नियम बदलायचा तर विधिमंडळाने बदलावा. तिथे टक्के लिहायची वेळच येत नाही. 'हो' की 'नाही', एवढाच प्रश्न.

या राज्यांत राहणाऱ्यांनी यातून करायची गोष्ट अगदी घरगुती आहे. गाडी जुनी झाली की प्रीमियम वाचवायला लोक कोलिजन कव्हर (टक्कर झाल्यावर आपल्याच गाडीच्या दुरुस्तीचा विमा) काढून टाकतात. कॅलिफोर्नियात ते एक वेळ चालेल. व्हर्जिनियात पार्किंगमध्ये दोन गाड्या एकाच वेळी मागे आल्या आणि एकमेकींवर आपटल्या तर दोघांचीही चूक आहे, म्हणून कोणालाच समोरच्याकडून काही मिळत नाही. ज्याच्याकडे कोलिजन आहे त्याची गाडी दुरुस्त होते, दुसऱ्याने खिशात हात घालायचा. दवाखान्याच्या खर्चाचंही तसंच. 'मेडिकल पेमेंट्स' नावाचं छोटं कव्हर चूक कोणाची ते विचारत नाही, म्हणून ते घेऊन ठेवावं. आणि विमा नसलेल्या गाडीने ठोकलं तर उपयोगी पडणारं जे 'अनइन्शुअर्ड मोटरिस्ट' कव्हर असतं, तिथेही तुमचा एक टक्का आडवा येतो, कारण समोरच्याकडून कायद्याने जेवढं मिळालं असतं तेवढंच ते देतं. आणि रस्ता ओलांडताना सिग्नल पाळा, हे या राज्यांत शिस्तीचं नाही, पैशाचं वाक्य आहे. मधूनच रस्ता ओलांडला आणि गाडीने उडवलं तर हॉस्पिटलचं बिल तुमच्याच नावावर येण्याची दाट शक्यता आहे.

'जेवॉकिंग' हा शब्दही गमतीचा आहे. 'जे' म्हणजे शहरात वावरायचं न कळणारा गावंढळ. १९२० च्या दशकापर्यंत रस्ता सगळ्यांचा होता आणि माणूस चिरडला की दोष गाडीला लागायचा. मोटारवाल्या मंडळींनी ही शिवी जोरात चालवली, १९२५ मध्ये लॉस एंजेलिसने पादचाऱ्यांना वेसण घालणारे नियम केले आणि हळूहळू दोष चालणाऱ्याकडे सरकला. कॅलिफोर्नियाने १ जानेवारी २०२३ पासून लगेचचा धोका नसेल तर अशा ओलांडण्याला दंड करणं बंद केलं. शंभर वर्षांनी चाक थोडं उलटं फिरलं.

आता प्रत्यक्ष ठोकाठोकी झाली की काय करायचं. इथे आपली एक सवय नडते. धक्का लागला की आपल्या तोंडून आधी निघतं 'सॉरी, सॉरी, माय मिस्टेक'. त्यातलं 'सॉरी' एक वेळ ठीक आहे. कॅलिफोर्नियासह बऱ्याच राज्यांत नुसती सहानुभूती दाखवणारे शब्द चूक सिद्ध करायला वापरता येत नाहीत. मॅसॅच्युसेट्सने असा कायदा सगळ्यात आधी, १९८६ मध्ये केला. पण 'माय मिस्टेक', 'मी बघितलंच नाही', 'मी फोनकडे बघत होतो' ही कबुली झाली आणि ती वापरता येते. एक टक्क्याच्या राज्यात समोरच्याला तेवढंच पुरतं. म्हणून तोंडातून निघू द्यावं ते 'तुम्हाला लागलं का?' एवढंच.

कोणाला लागलं असेल तर ९११. नसेल आणि गाड्या हलत असतील तर कडेला घ्या, पण जमल्यास हलवण्याआधी फोटो काढा. नुसत्या चेपलेल्या पत्र्याचा फोटो कामाचा नसतो. चारही कोपऱ्यांवरून दोन्ही गाड्या एका चौकटीत येतील असे, रस्त्यावरच्या पट्ट्या आणि सिग्नल दिसतील असे, दोन्ही नंबर प्लेट, समोरच्याचं इन्शुरन्स कार्ड आणि लायसन्स. टक्के ठरतात ते गाडी कुठल्या पट्ट्यात आणि कुठल्या कोनात होती यावरून, पत्रा किती चेपला यावरून नाही. कोणी थांबून बघत असेल तर त्याचा फोन नंबर घ्या, कारण पोलीस येईपर्यंत तो निघून गेलेला असतो. डॅशकॅम असेल तर ती क्लिप त्याच दिवशी बाजूला काढा. कार्ड भरलं की कॅमेरा जुन्यावर नवीन लिहितो आणि आठवड्याने शोधायला जाल तेव्हा तिथे ऑफिसच्या रस्त्याचं चित्रीकरण असेल.

कॅलिफोर्नियात आणखी एक कागद आहे जो भलेभले विसरतात. कोणाला इजा झाली किंवा कोणाही एकाचं नुकसान १,००० डॉलरच्या वर गेलं (आजच्या बंपरच्या भावात ते जातंच), तर १० दिवसांत डीएमव्हीकडे, म्हणजे लायसन्स देणाऱ्या खात्याकडे, एसआर-१ फॉर्म भरायचा. चूक कोणाचीही असो, पोलीस आलेले असोत वा नसोत. इन्शुरन्स कंपनीला फोन केला म्हणजे हे झालं असं नाही. भरला नाही तर लायसन्स निलंबित होऊ शकतं.

दोन-तीन दिवसांनी समोरच्याच्या विमा कंपनीचा अ‍ॅडजस्टर, म्हणजे दावा तपासणारा माणूस, फोन करतो. गोड बोलतो आणि विचारतो, रेकॉर्ड केलं तर चालेल ना? तुमच्या स्वतःच्या कंपनीला सहकार्य करणं पॉलिसीने बंधनकारक असतं, समोरच्याच्या कंपनीला रेकॉर्डेड जबाब देणं नसतं. नम्रपणे नाही म्हणता येतं. द्यायचाच ठरवला तर एक खोड सांभाळा. आपण ऐकत असताना मधूनमधून 'हं, या, या, ओके' करत असतो. आपल्या लेखी त्याचा अर्थ 'ऐकतोय', पण कागदावर उतरवताना तो 'यस' होतो. 'तुम्ही तेव्हा साधारण ४५ ने चालला होता?' 'या...' संपलं. वेग आणि अंतर यांचे अंदाज देऊ नका. 'मी ठीक आहे' असंही छातीठोक सांगू नका, मानेचं दुखणं बऱ्याचदा दुसऱ्या दिवशी उठतं. 'दाखवून घेतो' म्हणा आणि खरंच दाखवा. फ्लोरिडात तर १४ दिवसांच्या आत डॉक्टरकडे गेला नाहीत तर स्वतःच्याच पॉलिसीतली पीआयपीची (चूक कोणाचीही असो, उपचारांसाठी मिळणारी) रक्कम हातची जाते. न्यूयॉर्कमध्ये या नो-फॉल्ट क्लेमचा अर्ज ३० दिवसांत द्यावा लागतो. चेकबरोबर 'रिलीज' नावाचा कागद आला तर उपचार संपेपर्यंत सही नको. सही झाली की पुढे पाठीचं ऑपरेशन निघालं तरी तो विषय बंद.

न्यू जर्सीबद्दल थोडं वेगळं सांगावं लागेल, कारण एडिसनच्या आसपास आपली वस्ती मोठी. तिथे गाडीचा विमा घेताना एका चौकटीत खूण करायची असते: दावा लावण्याचा मर्यादित हक्क की अमर्यादित. मर्यादित निवडला की प्रीमियम बराच कमी होतो, म्हणून ऑनलाइन भरताना बहुतेक जण तिकडेच खूण करतात. त्याचा अर्थ असा की कोणी तुम्हाला ठोकलं तर वेदना आणि त्रास यांची भरपाई मागायला इजा ठरावीक यादीतली लागते: मृत्यू, अवयव तुटणं, मोठा व्रण, गर्भहानी, हाड मोडून जागचं सरकणं किंवा कायमची इजा. सहा महिने पाठ धरून बसलात आणि मग बरे झालात, तर ते यादीत नाही. आणि ही खूण घरातल्या नवरा-बायकोला आणि मुलांनाही लागू होते. खूण एकाने केली, हक्क सगळ्यांचा गेला. स्वस्त निवडू नये असं मी म्हणत नाही. पण ती निवड कोणत्या गोष्टीची आहे हे कळून तरी करावी.

चूक तुमची ठरली तर बाजू उलटते. पॉलिसीवर ३०/६०/१५ असे आकडे असतात, ते हजारांत असतात: एका माणसाच्या इजेला ३० हजार, एका अपघातातल्या सगळ्यांच्या इजेला मिळून ६० हजार आणि मालमत्तेच्या नुकसानीला १५ हजार. कॅलिफोर्नियाची किमान अट १ जानेवारी २०२५ पासून ही झाली. त्याआधी कित्येक दशकं ती १५/३०/५ होती, म्हणजे समोरच्या गाडीला फक्त ५ हजार. व्हर्जिनियाने त्याच तारखेपासून ५०/१००/२५ केली. आता हिशोब करा. नवी इलेक्ट्रिक गाडी ठोकली, दुरुस्ती २८ हजार, पॉलिसी देणार १५. उरलेल्या १३ हजारांसाठी समोरचा थेट तुमच्यावर येऊ शकतो. हॉस्पिटलात चार दिवस काढले तर ३० हजार कधीच संपलेले असतात. 'माझ्याकडे फुल कव्हरेज आहे' हे वाक्य इथे कामाचं नाही. फुल कव्हरेज म्हणजे बोलीभाषेत तुमच्या गाडीचीही दुरुस्ती, समोरच्याला किती मिळणार याचा त्यात काही पत्ता नसतो. १००/३००/१०० ला नेण्याचा फरक बहुधा वाटतो त्यापेक्षा कमी असतो. घर, शिल्लक असं काही जमलेलं असेल तर गाडीच्या विम्याची मर्यादा संपल्यावर पुढचं देणारी १० लाखांची अम्ब्रेला पॉलिसी वर्षाला काहीशे डॉलरमध्ये येते. फक्त त्याआधी गाडीची मर्यादा साधारण २५०/५०० हवी, ही अट वाचायची राहते.

भाड्याच्या गाडीत विद्यार्थी हमखास फसतात. स्वतःची गाडी नाही, म्हणजे स्वतःची पॉलिसी नाही. काउंटरवरचा माणूस विचारतो तेव्हा ते ऐटीत सांगतात की क्रेडिट कार्डाचा विमा आहे. तो आहे, पण फक्त भाड्याच्या गाडीच्या पत्र्याचा. समोरच्या माणसाचा पाय मोडला तर कार्ड एक सेंट देत नाही. गाडी भाड्याने देणारी कंपनी तुमच्या चुकीला जबाबदार नाही, हे २००५ च्या केंद्रीय कायद्याने ठरवून टाकलंय. त्या काउंटरवर नाकारण्यासारखं बरंच असतं, पण लायबिलिटीचं, म्हणजे समोरच्याच्या नुकसानीचं, जोड-कव्हर अशा मुलांनी नाकारू नये.

घराकडे वळू. बर्फ पडतो तिथे दारापुढचा फुटपाथ साफ करणं घरमालकाचं काम, पण घड्याळ शहर लावतं. न्यूयॉर्क शहरात बर्फ सकाळी ७ ते संध्याकाळी ५ च्या दरम्यान थांबला तर ४ तासांत, ५ ते ९ मध्ये थांबला तर १४ तासांत, रात्री ९ नंतर थांबला तर दुसऱ्या दिवशी सकाळी ११ पर्यंत. नाहीतर दंड. पडून इजा झाली तर जबाबदारी कोणाची, हे २००३ पासून तिथे बहुतेक इमारतमालकांवर टाकलंय. मालक स्वतः राहतो अशी एक ते तीन कुटुंबांची घरं त्यातून वगळली आहेत. मॅसॅच्युसेट्समध्ये पूर्वी आपोआप साचलेल्या बर्फाला मालक जबाबदार नसे. २०१० मध्ये तिथल्या कोर्टाने ती सूट काढली. इलिनॉयने उलट केलं. घरमालकाने फुटपाथ साफ करण्याचा प्रयत्न केला आणि तो नीट झाला नाही, तर जाणूनबुजून केलेली आगळीक सोडता त्याच्यावर दावा लागत नाही. 'केलं तर अडकू, म्हणून काहीच न केलेलं बरं' असा विचार लोक करायला लागले होते, म्हणून.

मीठ टाकताना लोक पोत्याने ओततात. आधी फावड्याने काढायचं आणि मग मीठ. उलटं केलं तर मीठ वरच्या भुसभुशीत बर्फातच वाया जातं. कॉफीचा १२ औंसांचा एक मग मीठ २० फुटी ड्राइव्हवेला किंवा फुटपाथच्या १० चौकोनांना पुरतं. दाण्यांमध्ये मोकळी जागा दिसली पाहिजे. साधं मीठ उणे ९ सेल्सियसच्या खाली फारसं चालत नाही. तिथे कॅल्शियम क्लोराइड लागतं किंवा नुसती वाळू, जी वितळवत नाही पण पाय धरून ठेवते. छपराची पागोळी दारातल्या पायरीवर गळून रात्री गोठते, ती जागा सगळ्यात वाईट. आणि न्यू जर्सीत गाडीच्या टपावरचा बर्फही काढायचा असतो. न काढता निघालात तर २५ ते ७५ डॉलर दंड, तो उडून कोणाला लागला तर २०० ते १,०००.

भाड्याच्या अपार्टमेंटमध्ये आपला खास धोका म्हणजे फोडणी. तेल तापत ठेवून माणूस फोनवर बोलायला जातो, कढईत भडका उडतो आणि घाबरून तो पाणी ओततो. पाणी तेलाच्या खाली जाऊन क्षणात वाफ होतं आणि पेटतं तेल छतापर्यंत उडवतं. शेगडी बंद करायची आणि धातूचं झाकण सरकवून ठेवायचं, कढई उचलून सिंककडे धावायचं नाही. एवढं करूनही कपाटं जळाली किंवा स्प्रिंकलर सुटून खालच्या मजल्यावर पाणी गेलं, तर मालकाची विमा कंपनी मालकाला पैसे देते आणि मग काही राज्यांत तेच वसूल करायला भाडेकरूच्या मागे लागते. रेंटर्स इन्शुरन्सकडे लोक 'माझ्या टीव्हीचा विमा' म्हणून बघतात. त्यातलं १ लाख डॉलरचं लायबिलिटी कव्हर हीच त्याची खरी किंमत आहे, आणि महिन्याला ते एका पिझ्झाच्या भावात मिळतं.

ट्रॅम्पोलिन पार्क, जिम, शाळेची सहल, सगळीकडे एक 'वेव्हर' सही करायला देतात. 'काहीही झालं तरी मी जबाबदार' असं त्याचं सार. त्यावर सही केली म्हणून सगळं संपलं असं समजू नका. व्हर्जिनियाच्या कोर्टाने १९९२ मध्ये इजा होण्याआधीच हक्क सोडून देणारे असे करार रद्दबातल ठरवले. न्यूयॉर्कमध्ये पैसे घेऊन चालणाऱ्या जिम, तलाव, करमणुकीच्या जागांसाठी ते चालत नाहीत. कॅलिफोर्नियात चालतात, पण घोर निष्काळजीपणाला नाही. एक टक्क्याचा कडक नियम पाळणारी व्हर्जिनिया वेव्हरच्या बाबतीत सगळ्यात उदार, याचं तर्कशास्त्र मला अजून सापडलेलं नाही.

आई-बाबा सहा महिन्यांसाठी येतात तेव्हाचा एक प्रश्न राहतो. घराच्या पॉलिसीत पाहुण्यांसाठी 'मेडिकल पेमेंट्स' असतात, साधारण १ ते ५ हजार डॉलर. शेजारी पायरीवरून पडला तर चूक न विचारता मिळतात. पण घरात राहणारे नातेवाईक त्यातून वगळलेले असतात. सहा महिने मुक्कामाला असलेली आई पाहुणी की घरातली, यावर कंपनी घोळ घालू शकते. ती यायच्या आधी एजंटला ईमेलने विचारा आणि उत्तरही लेखी घ्या. बाबा गाडी चालवणार असतील तर तेही त्याच ईमेलमध्ये. काही पॉलिसींना घरातला प्रत्येक चालक नावानिशी कळवलेला लागतो.

घरातलेच लोक एकमेकांवर दावे लावतात अशी अमेरिकेची ख्याती आहे, त्यामागेही हाच विम्याचा कागद असतो. २०१५ मध्ये कनेक्टिकटमध्ये एका बाईने बारा वर्षांच्या भाच्यावर लावलेला दावा ज्युरीपुढे आला. चार वर्षांपूर्वी वाढदिवसाला त्याने धावत येऊन तिला मिठी मारली होती, ती पडली आणि मनगट मोडलं. तिने मागितले १ लाख २७ हजार डॉलर. देशभर तिला शिव्या पडल्या. नंतर कळलं की त्या राज्यात घराच्या विमा कंपनीवर थेट दावा लावता येत नाही. ज्याच्या हातून झालं त्याचंच नाव घालावं लागतं, म्हणून कागदावर भाचा. कंपनीने मिटवण्यासाठी एक डॉलर देऊ केला होता. ती बाई आणि भाचा दोघंही म्हणत होते की आमचं एकमेकांवर प्रेम आहे. ज्युरीने अर्ध्या तासाच्या आत निकाल दिला: मुलाची चूक शून्य टक्के.